लाल पेन आणि ग्लासभर पाणी

संयोगिता सातपुतेनं आपल्या दोन्ही पोरींची नावं शाळेतून काढली, त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. मध्ये कंपाउंडची कमरेइतकी भिंत होती म्हणून बरं. एकतीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं, दहावीच्या पेपरांचे गठ्ठे तपासले, आणि निवृत्त होऊन कसबा बावड्यात घर बांधलं, तर शेजारी हे!

"तुमच्या चर्चच्या लोकांनी गावोगाव शाळा काढल्या," मी म्हटलं, "तुझी आजी त्या काळात कोडोलीला शाळेत गेली म्हणून मला दहादा सांगतेस, आणि तू पोरी घरात बसवतेस? डोकं फिरलंय काय तुझं?"

ती कपडे वाळत घालत होती. घालतच राहिली. "फिरलंय तर फिरलंय, बाई," म्हणाली. "चहा टाकलाय. येताय?"

तिच्याशी भांडायचं म्हणजे हे असं. समोरच्याचा आवाज चढला की ती चहाचं विचारते. मी गेले. चहा चांगला करते, हे मान्य करायला हवं.

संयोगिता कोडोलीची. आई तिथं दवाखान्यात नर्स होती. लग्न करून इकडं आली. नवरा शमुवेल साखर कारखान्यात फिटर, माणूस कमी बोलणारा. ती स्वतः बी.एस्सी., बी.एड. एका खासगी शाळेत गणित शिकवायची. शाळेचं नाव मी सांगणार नाही. एका वर्षाअखेरीला तिला बोलावून एक यादी दिली गेली. सात मुलं, चाचणीतले मार्क विसापैकी पाचसहा, ते चौदापंधरा करा, पालक मोठी माणसं आहेत. तिनं विचारलं, "आपल्याला येत नाही हे त्या मुलांना कधी कळायचं?" समोरचे हसले. हिनं यादी तिथंच ठेवली, राजीनामा लिहिला आणि रिक्षा करून घरी आली. थोरली एस्तेर तेव्हा त्याच शाळेत पाचवी उत्तीर्ण झालेली आणि धाकटी रूथ पहिली. दोघींचे दाखले महिनाभरात घरी आले.

सगळ्यांनी समजावून पाहिलं. सासूनं पाहिलं, चर्चच्या पाळकांनी दोनदा घरी येऊन पाहिलं. दूधवाला केरबा तर रोज कॅन खाली ठेवताना विचारायचा, "आज बी शाळंला न्हाय व्हय पोरी?" ती म्हणायची, "शाळा सुरू हाय की आत. येतोस काय?" मग त्यानं विचारायचं सोडलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सकाळी सातला चौघं सतरंजीवर बसून उपासना करत. एक गाणं, बायबलातला एक उतारा, आणि मग प्रत्येकानं एक प्रार्थना. रूथची प्रार्थना लांबायची. तिच्यात मांजर, केरबाची म्हैस आणि मी, सगळे यायचे. माझ्या गुडघ्यांसाठी त्या घरात पाच वर्षं प्रार्थना झाली. गुडघे आहेत तसेच आहेत. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. शमुवेल कामावर गेला की जेवणाचं टेबल पुसायचं, त्यावर वह्या यायच्या आणि साडेआठला तास सुरू. अपूर्णांक भाकरीवर शिकवायचे आणि मग ती भाकरी खायची. रविवारी पेन हातात धरायचा नाही, त्या दिवशी सकाळी चर्चमध्ये भक्तीला जायचं आणि दुपारी पाहुणे. मी नाक मुरडत भिंतीपलीकडून बघत होते. वर्षभरानं भिंतीला एक लोखंडी फाटक बसवून घेतलं. फेरा पडत होता, दुसरं काही नाही.

त्या घरातली एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. पोरी आपले पेपर आपणच तपासायच्या.

पद्धत ठरलेली होती. निळ्या पेनानं पेपर लिहायचा. संपला की पेन ठेवायचा, उठायचं, ग्लासभर पाणी प्यायचं. मग परत येऊन लाल पेन घ्यायचा, आणि तो पेपर दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं समजून तपासायचा. चुकलं तिथं फुली, शेजारी बरोबर उत्तर, वर मार्क. ते मार्क एका जाड लाँगबुकात चढवायचे. त्या वहीला घरात 'थोरली वही' म्हणत. आणि नियम एकच, ज्यानं चूक केली त्यानंच ती लाल पेनानं दुरुस्त करायची. आईनं हात लावायचा नाही. एकदा संयोगितानं फळ्यावर बेरीज चुकवली, तर रूथनं तिच्या हातात पाण्याचा ग्लास आणून दिला होता.

"आपलेच मार्क आपण द्यायचे?" मी म्हणायची. "अगं, देवळात बसलेला माणूससुद्धा स्वतःला दोन मार्क जास्त देईल."

"पाणी प्यायलं की तो पेपर आपला राहत नाही, बाई," एस्तेर सांगायची. तेव्हा ती बारा वर्षांची होती, दोन वेण्या घालायची आणि हे अगदी गंभीरपणे सांगायची. मी हसायची.

एस्तेर पंधरा पूर्ण झाली तेव्हा दहावीचा प्रश्न आला. घरी शिकलेल्या मुलांनी बाहेरून परीक्षेला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. तो मीच भरून घेतला. प्रतिज्ञापत्र, दाखला, फोटो, सगळी धावपळ मीच केली, कारण या कामात संयोगिता अगदी बावळट. एस्तेरला आजीसारखं नर्स व्हायचं होतं. त्यासाठी अकरावीला विज्ञान हवं, आणि त्यासाठी दहावी चांगली हवी. संयोगिता वरून शांत असली तरी मला दिसत होतं. पोरगी नापास झाली तर पाच वर्षं लोक जे बोलत होते ते खरं ठरणार, आणि मग रूथलाही मान खाली घालून शाळेत नेऊन बसवावं लागणार. एक दिवस ती मला म्हणालीच, "बाई, माझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं तर होणार नाही ना?" मी म्हटलं, "आता विचारतेस होय?"

जी शाळा केंद्र म्हणून मिळाली तिथं अस्मिता शिकवते. माझी जुनी विद्यार्थिनी, आता तीही गणिताचीच. गणितात ऐंशी मार्क लेखी आणि वीस शाळेच्या हातात, गृहपाठाच्या वहीचे आणि चाचणीचे. बाहेरून बसणाऱ्या मुलांनी वही आणि सोडवलेली चाचणी केंद्रावर नेऊन द्यायची. एस्तेरनं दिली. तेवढा एक फोन मी केला. "अस्मिता, पोरगी गुणाची आहे, बघ हं." ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगायला पाहिजे होय? सगळ्यांनाच वीस टाकतो की." मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मराठी, इंग्रजी, बीजगणित व्यवस्थित गेले. भूमितीच्या दिवशी मी सातपुत्यांकडेच बसले होते. एस्तेर आली, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले आणि आईला म्हणाली, "भूमिती, चाळीसपैकी तेहतीस."

"अंदाज होय?" मी विचारलं.

"नाही, तपासला ना."

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. संयोगिताच्या आलं. तिच्या हातातली पळी कढईत पडली.

झालं होतं असं. पेपर पंचवीस मिनिटं आधीच संपला. एस्तेरनं तो एकदा वाचला, पेन खाली ठेवला. तेवढ्यात केंद्रावर पाणी देणाऱ्या बायडाबाई कळशी घेऊन बाकाजवळ आल्या. "पानी पायजे का गं?" पोरगी ग्लासभर पाणी प्यायली. आणि प्यायल्यावर हात आपोआप पाऊचमध्ये गेला. लाल पेन नेहमीप्रमाणे तिथंच होता. तिनं पहिल्या पानापासून पेपर तपासला, बरोबरच्या खुणा केल्या, तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि वर एका कोपऱ्यात लिहिलं, तेहतीस. पर्यवेक्षकांना वाटलं पोरगी रेघा मारतेय. घंटा झाली, पेपर गोळा झाला. रिक्षात बसल्यावर तिला कळलं आपण काय केलं.

 लाल शाई, खुणा, मार्क! बोर्डाच्या लेखी ही परीक्षकाला केलेली खूण. प्रकरण गैरप्रकारात जातं, निकाल राखून ठेवतात, वर्ष जातं. मला हे माहीत होतं, कारण परीक्षक असताना मीच असे सोळासतरा पेपर बाजूला काढून पाठवले होते. त्या मुलांचं पुढं काय झालं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती मुलं मला आठवली.

"पेन नेलासच कशाला, गाढवे?" मी ओरडले.

"पाऊचमध्ये असतो, बाई."

 संयोगितानं गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून राहिली. त्या दिवशी तिनं मला चहाचं विचारलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. विद्यार्थिनीनं पालकासह चौकशी समितीपुढे हजर राहावं. शमुवेल फाटकातून आला आणि दारातच उभा राहिला. "बाई, तुम्ही जावा संगं. आमच्या हिला गोड बोलायला येत न्हाय." पाच वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

आम्ही तिघी गेलो. संयोगितानं पिशवीत थोरली वही घेतली होती. ती कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "असू दे." समितीत तिघं जण होते. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ चष्मेवाले, वयानं माझ्याएवढे, बोलायला मऊ. त्यांनी एस्तेरचा पेपर पुढ्यात ठेवला, लाल खुणा बघितल्या, पोरीकडं बघितलं आणि सुटकेची वाट त्यांनी स्वतःच काढून दिली.

"लहान आहे. परीक्षेचा ताण आला, गोंधळून गेले आणि हातून झालं, असं एका ओळीत लिहून द्या. आम्ही समज देतो, निकाल सोडतो. विषय संपला."

मी देवाचे आभार मानले, माझ्याही आणि सातपुत्यांच्याही. कोरा कागद संयोगितापुढं सरकवला. ती म्हणाली, "पण साहेब, ती गोंधळली नव्हती."

मी टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. "अगं, लिही की एक ओळ! काय जातंय तुझं?"

"माझं काही जात नाही, बाई. पण चूक माझी नाही." तिनं कागद एस्तेरपुढं ठेवला.  "तुझी आहे. तू लिही."

दोघींच्या कानाखाली एकेक ठेवून द्यावी असं मला वाटलं. पाच वर्षांची मेहनत, पोरीची नर्सगिरी, सगळं एका ओळीवर आलेलं, आणि ही बाई तत्त्वं घेऊन बसलीय! एस्तेरनं पेन घेतला. निळा. तिनं लिहिलेलं मी नंतर वाचलं, अजून पाठ आहे: 'मला ताण आला नव्हता. आमच्या घरी पेपर संपला की पाणी पितात आणि लाल पेनानं आपला पेपर आपण तपासतात. मी पाणी प्यायले आणि सवयीनं तपासला. हे बोर्डाच्या नियमाविरुद्ध आहे हे मला हॉल तिकिटावर वाचून माहीत होतं. लक्षात राहिलं नाही. चूक माझी आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "आपला पेपर आपण?" म्हणाले. तेव्हा संयोगितानं पिशवीतून थोरली वही काढली. त्यांनी पानं उलटली. पाच वर्षं, एकामागून एक पेपर, तारीख, विषय, मार्क. एका पानावर ते थांबले.

"पंचवीसपैकी नऊ? घरीच तपासलास ना? बघायला कोण होतं?"

"मी होते की," एस्तेर म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग भूमितीचा पेपर उघडला. "आमच्या परीक्षकांनी तुला चौतीस दिलेत. तू तेहतीस. हा एक कुठला कापलास?"

"स्पर्शिकेच्या रचनेत कंपास सरकला होता, सर. मी रेघ नजरेनं काढली. दिसायला बरोबर दिसते."

त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. अर्धा तास. भिंतीवरचं घड्याळ मी किती वेळा बघितलं ते विचारू नका. मग शिपायानं आत बोलावलं. लेखी समज दिली, पुढच्या कुठल्याही परीक्षेत असं घडलं तर गय नाही म्हणून सांगितलं, आणि निकाल सोडत असल्याचा कागद दिला. बाहेर पायऱ्यांवर संयोगिता खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. पाच वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "मी तिला बुडवली असती, बाई," म्हणत होती. "आई होते आणि बुडवली असती." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण राग होताच मला. पोटात कुठंतरी अभिमानही होता, तो मी तिला दाखवला नाही.

मेअखेरीला निकाल लागला. एकूण त्र्याऐंशी टक्के, गणितात अठ्ठ्याऐंशी. मी पेढे आणले. शमुवेलनं दोन खाल्ले आणि म्हणाला, "बरं झालं." केरबानं दुधाचा पैसा घेतला नाही. पाळक आले, हात जोडून म्हणाले, वहिनी, आम्ही चुकलो. सगळं छान चाललं होतं.

चार दिवसांनी दुपारी एस्तेर फाटकातून आली. हातात थोरली वही.

"बाई, गणितात सात जास्त आलेत."

"जास्त आले तर बरंच आहे की. खा."

"बीजगणितात मी चौतीस धरले होते, भूमिती तेहतीस, आणि वही-चाचणीचे चौदा. एक उपक्रम मी केलाच नव्हता, एक आईच्या मदतीनं केला, चाचणीत दोन चुकले. गृहपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं तसं लिहूनही दिलं होतं. एक्याऐंशी व्हायला हवेत. भूमितीतला एक मला माहीत आहे, तो परीक्षकांचा. हे सहा कुठून आले?"

तिनं विचारलं ते भांडायला नाही. तिला गणित सुटत नव्हतं आणि गणिताच्या बाई शेजारी होत्या, म्हणून आली. मला सहज सांगता आलं असतं, परीक्षक दयाळू असतात, काहीतरी चुकीचं धरलं असशील. एकतीस वर्षांत मी असं शंभर वेळा सांगितलं असेल. वीसपैकी वीस मीही टाकले आहेत, वर्षानुवर्षं, वह्या न उघडता, रांगेनं. पोरीच्या त्या वहीचं शेवटचं पान कुणी उघडलं नव्हतं.

"मी दिले," मी म्हटलं. "अस्मिताला फोन केला होता."

तिनं थोरली वही टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे चूक तुमची."

"व्हय," मी म्हटलं. इतकं कोल्हापुरी माझ्या तोंडून एरवी येत नाही.

ती माझ्या स्वयंपाकघरात गेली, तिला सगळं माहीत आहे तिथलं. पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढं ठेवला. वही उघडली, दहावीच्या पानावर. शेजारी लाल पेन ठेवला. फाटकापाशी संयोगिता उभी होती. ती आत आली नाही. "बोर्डाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, बाई," तिथूनच म्हणाली. "आमच्या वहीत मात्र खरं राहू दे."

मी पाणी प्यायले. 'वीस'वर काट मारली, चौदा लिहिलं, अठ्ठ्याऐंशीचे ब्याऐंशी केले आणि खाली सही केली, प्रमोदिनी सबनीस. 

बोर्डाला पत्र लिहिलं तर अस्मिताला नोटीस येईल. तिच्याच एकटीला येईल, आणि वीस टाकणारे बाकीचे सगळे तसेच राहतील, हे मला माहीत आहे. एस्तेरची अकरावी सुरू झाली. कॉलेजच्या फॉर्मवर तिला अठ्ठ्याऐंशीच लिहावे लागले, आणि ते लिहून आल्या दिवशी ती जेवली नाही, असं रूथनं मला सांगितलं. मी तीनदा पत्र लिहायला बसले. बसले की आधी पाणी पिते. पाणी पिऊन होतं, पेनाचं टोपण निघतं, आणि अजून तो पेपर माझाच राहतो.